उत्तर आलं नाही, मग अपील कशाविरुद्ध?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकांनी पत्र पाठवलं आहे. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, त्यात फक्त थोरल्या भावाचं नाव लागलं. यांना ते कळलं डिसेंबरात, सातबारा काढल्यावर. फेरफाराचे, म्हणजे जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदीचे, कागद मिळावेत म्हणून 14 जानेवारीला तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दिला. आता सप्टेंबर उजाडला, उत्तर नाही. ते विचारतात, "उत्तरच आलं नाही, तर अपील कशाविरुद्ध करू?" हाच प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, म्हणून सविस्तर लिहितो.

अपील त्या मौनाविरुद्धच करायचं असतं. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 7(2) मध्ये स्पष्ट लिहिलंय की, मुदतीत निर्णय दिला नाही तर माहिती नाकारली असं मानायचं. मुदत 30 दिवसांची. तुमच्या अर्जावर आवक शिक्का 14 जानेवारीचा आहे, म्हणजे 13 फेब्रुवारीला तुम्हाला नकार मिळाला, कागद हाती पडो वा न पडो. कलम 19(1) प्रमाणे तिथून पुढे 30 दिवसांत पहिलं अपील करायचं होतं. ती संधी मार्चच्या मध्याला संपली, आणि त्या दिवसांत तुम्ही "साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या सोमवारी या" हे ऐकत चकरा मारत होतात. पत्रात त्या चकरांचं वर्णन दोन पानं आहे. त्यातली एकही चकर कागदावर नोंदलेली नाही, त्यामुळे कायद्याच्या हिशेबात ती झालीच नाही. इतकी जमीन पणाला असताना कारकुनाच्या तोंडी शब्दावर सहा महिने कसे घालवलेत?

पुरेसं कारण असेल तर उशिराचं अपील दाखल करून घेता येतं. पण "मला माहीत नव्हतं" हे कारण किती चालेल, याची खात्री मी देणार नाही. त्यापेक्षा नवा अर्ज करा. एकदा अर्ज केला म्हणून पुन्हा करता येत नाही, असं कायद्यात कुठेही नाही.

तुमच्या जुन्या अर्जात "फेरफाराबाबत सर्व माहिती द्यावी" एवढंच होतं. अशा वाक्यावर कार्यालय काहीही देऊ शकतं, काही नाहीही देऊ शकतं. या वेळी फेरफार क्रमांक, गाव आणि गट नंबर लिहून नेमके कागद मागा: वारसाची वर्दी (वारस नोंदीसाठी दिलेली खबर) आणि तिच्यासोबतची कागदपत्रं, संबंधितांना फेरफार कळवणाऱ्या नमुना 9 च्या नोटिसा व त्या बजावल्याची पोच, हरकत आली असल्यास विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीतली नोंद, आणि मंडळ अधिकाऱ्यांचा शेरा. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, तेवढ्यात हे बसतं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि पोचेवर तारखेचा शिक्का स्वच्छ उमटला की नाही ते तिथेच उभं राहून बघा.

तीस दिवस झाले की लगेच जोडपत्र 'ब', म्हणजे पहिल्या अपिलाचा ठरलेला अर्ज, भरून, वीस रुपयांचं तिकीट लावून प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे द्या. त्यांचं नाव कार्यालयातल्या फलकावर असायला हवं. त्यांना 30, कारण नोंदवून फार तर 45 दिवस मिळतात. पुढे 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथला वेळ मात्र मी सांगू शकत नाही. माहिती आयुक्तांच्या रिकाम्या जागा मुदतीत भरा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये बजावलं, तरीही लोक सुनावणीच्या तारखेसाठी ताटकळतात. हे संतापजनक आहे. म्हणूनच पहिलं अपील वाया घालवू नका.

आयोगाकडे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 18 ची तक्रार पाठवली आहे, असं तुम्ही लिहिता. त्यातून अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 दंड होऊ शकेल. कागद मिळणार नाहीत. मणिपूरच्या प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे: माहिती हवी तर रस्ता कलम 19 चाच.

"फाईल सापडत नाही" असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्यात अभिलेखांच्या जतनाची जबाबदारी आणि उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. लेखी द्यायची वेळ आली की फाईल पुष्कळदा सापडते.

आता सर्वांत निकडीचं. फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाची मुदत 60 दिवस आहे, आणि माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहिली म्हणून ती थांबत नाही. महसूल संहितेच्या कलम 250 मध्ये आदेशाची नक्कल मिळवायला लागलेला वेळ वगळतात. माहिती अधिकारात गेलेले महिने तसे वगळले जातील, असं धरून चालू नका. नोटीसच मिळाली नव्हती हे दाखवता आलं तर विलंब माफीचा अर्ज टिकू शकतो, पण डिसेंबरपासून तुम्हाला माहीत होतं हा मुद्दा भावाचे वकील काढणारच. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज नंतर, आधी उद्या सकाळी तहसिलात फेरफाराच्या प्रमाणित नकलेचा अर्ज द्या आणि त्याच आठवड्यात महसुली कामं करणाऱ्या वकिलाकडून प्रांतांकडचं अपील व विलंब माफीचा अर्ज तयार करून घ्या. जानेवारीच्या अर्जाची पोच त्याला जोडा. निदान तुम्ही स्वस्थ बसला नव्हता, एवढं तरी त्यातून दिसेल.