वाचकांचे प्रश्न : कमी खर्चातील प्रवाळ-मत्स्यालय

प्रश्न : गोड्या पाण्यातील मासे मी बरीच वर्षे पाळत आहे. आता समुद्री पाण्याची, प्रवाळ असलेली तीन फुटांची टाकी करण्याची इच्छा आहे, पण खर्च बेतानेच करावा लागेल. दुकानदार सर्वांत आधी भारी दिवा घेण्यास सांगतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात अशी टाकी टिकेल का, आणि पैसा नेमका कशावर घालावा?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : टाकी टिकेल, मात्र दिव्याच्या आधी पाण्याचा आणि तापमानाचा विचार करावा. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी बरेच दिवस ३० अंशांच्या वर राहिले, तर त्यांच्या शरीरात राहणारी आणि त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकली जातात व प्रवाळ पांढरे पडतात. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे टाकी गच्चीखालच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीलगतच्या खोलीत ठेवू नये.

पाणी थंड करणारे चिलर यंत्र महाग असते, आणि छोट्या टाकीसाठी आपल्या भागात ते पहिल्याच वर्षी घ्यावे असे मला वाटत नाही. खानदेशचा उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते. टाकीचे झाकण काढून त्या जागी जाळी बसवली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एक-दोन छोटे पंखे रोखून लावले, तर पाणी दोन ते चार अंशांनी सहज उतरते. त्याच खोलीत कूलर लावल्यास खोली थंड होते, पण हवा दमट झाल्याने पंख्यांचा उपयोग कमी होतो. म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवावी. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. त्यामुळे पातळी जितकी उतरेल तितके शुद्ध गोडे पाणीच रोज घालावे. खारे पाणी घातले, तर क्षारता दिवसेंदिवस वाढत जाईल. हिवाळ्यातील रात्री मात्र उलट अडचण येते, तेव्हा १०० वॅटचा हीटर लागेल.

तीन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद-उंच टाकीत सुमारे १३० लिटर पाणी मावते. काच, खडक व पाणी मिळून वजन दीडशे किलोच्या पुढे जाते, म्हणून लोखंडी स्टँड भक्कम हवा. टाकी स्थानिक कारागिराकडून करून घ्यावी. तेथे पैसे वाचतात. मीठ मात्र सागरी मत्स्यालयांसाठीचेच घ्यावे, कारण स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी घटक योग्य प्रमाणात नसतात. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ लागते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले, तर महिन्याला जवळपास दोन किलो मीठ संपेल. हा कायमचा खर्च आधीच हिशेबात धरावा. क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत खाऱ्या पाण्याची घनता) १.०२५ च्या जवळ राखावे.

खडकांच्या बाबतीत कायदा पाहणे आवश्यक आहे. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे (पंख्यासारखे पसरणारे प्रवाळ) आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. दुकानात मिळणारे मेलेल्या प्रवाळाचे सुंदर तुकडेही घेऊ नयेत. मानवनिर्मित सच्छिद्र खडक वापरावेत. तापी-गिरणेचे गोटे गुळगुळीत असल्याने त्यांत जिवाणूंना पुरेशी जागा मिळत नाही. हे जिवाणू माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यांची वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची चाचणी होईपर्यंत टाकीत मासा सोडू नये. या काळात पैसा जात नाही, फक्त धीर लागतो.

त्यानंतर मशरूम आणि झोअँथिड हे प्रवाळांच्या जवळचे, कठीण सांगाडा नसलेले मऊ जीव घ्यावेत, तेही विक्रेत्याकडून कागदपत्रे पाहूनच. त्यांना मध्यम एलईडी दिवा पुरतो, म्हणून भारी दिव्याची घाई नको. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. झोअँथिड हाताळताना हातमोजे घालावेत, आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळू किंवा खरवडू नये. लहान मुले असलेल्या घरात झोअँथिड टाळून केवळ मशरूम ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

वीज गेल्यास पाणी हलवणारा पंप इन्व्हर्टरवर चालू राहील अशी सोय करावी. पाणी थांबले की प्राणवायू घटतो; दिवा काही तास बंद राहिला तरी हानी होत नाही.

प्रश्न : आमच्या बोअरचे पाणी जड आहे. पिण्यासाठी घरी बसवलेल्या आरओचे पाणी प्रवाळांच्या समुद्री टाकीला चालेल का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : थेट चालणार नाही. घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) नियंत्रक किंवा खनिजांचा कार्ट्रिज असतो. तंत्रज्ञाकडून मेम्ब्रेननंतरचे (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून आलेले) पाणी थेट घेण्याची सोय करून घ्यावी आणि पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणारा) फिल्टर जोडावा. टीडीएस मीटरवर आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. उरलेले क्षार टाकीत साचत जातात आणि त्यांतील नायट्रेट व फॉस्फेटमुळे नकोसे शेवाळ माजते. आरओतून वाया जाणारे पाणी फरशी पुसण्यास वापरता येते.

प्रश्न : क्लाउनफिश या समुद्री माशांच्या जोडीसाठी समुद्रफूल (ज्याच्या आसऱ्याने हे मासे समुद्रात राहतात तो अ‍ॅनिमोन प्राणी) ठेवणे आवश्यक आहे का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही. समुद्रफुलाला तेजस्वी प्रकाश आणि चांगली मुरलेली टाकी लागते; नव्या टाकीत ते सहसा मरते आणि कुजून सगळे पाणी बिघडवते. क्लाउनफिश त्याच्यावाचून सुखाने राहतात. मात्र जोडी घेताना ती समुद्रातून पकडलेली नसून हॅचरीत (मासे पैदास केंद्रात) वाढवलेली आहे, याची खात्री करावी. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र विकसित केलेले आहे. हॅचरीतील मासे दाणेदार खाद्य लवकर खाऊ लागतात, त्यामुळे नवशिक्याला ते सांभाळणे सोपे जाते.