कॅसलरॉकहून दूधसागरपर्यंत रुळांच्या कडेने चालत जाणे खरोखर इतके धोक्याचे आहे का? घाटात गाड्या तर हळू चालतात.

गाड्या हळू चालत असल्यामुळे त्या येताना दिसतील आणि वेळेवर बाजूला होता येईल, असे आपण गृहीत धरले आहे. मी रेल्वेच्या रूळ-देखभालीच्या कामात बरीच वर्षे काढली असून त्यांपैकी काही घाटात गेली आहेत, त्यामुळे या गृहीतकाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

गाड्या हळू चालतात हे खरेच आहे. कर्नाटकातील कॅसलरॉक ते गोव्यातील कुळे या ब्रागांझा घाटात चढ १ : ३७ इतका तीव्र आहे आणि त्यात वळणामागून वळण येते, त्यामुळे वेगावर कडक मर्यादा आहे. अडचण आहे ती ‘बाजूला होण्याची’, कारण अनेक ठिकाणी तिथे बाजूच नाही. एका हाताला कापलेला कातळ आणि त्याच्या पायथ्याशी वाहते गटार, दुसऱ्या हाताला दरी, आणि मध्ये खडीच्या उतरणीला लागून जेमतेम एका माणसापुरती शेवाळलेली पट्टी, असा बराचसा मार्ग आहे. दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते आणि डब्याची रुंदी सुमारे सव्वातीन मीटर, म्हणजे डबा प्रत्येक रुळाच्या बाहेर सुमारे पाऊण मीटर आलेला असतो. वळणावर त्याचा मधला भाग आतल्या अंगाला आणि टोके बाहेरच्या अंगाला आणखी सरकतात. शिवाय धबधबा जवळ आला की निम्मी गाडी मोबाइल घेऊन दारात लोंबकळत असते, ते हातपाय वेगळेच. रुळापासून दोन-तीन फुटांवर कातळाला पाठ टेकून उभा राहिलेला मनुष्य स्वतःला सुरक्षित समजतो, पण प्रत्यक्षात तो डब्याच्या वाटेतच उभा असतो.

बोगद्याचा हिशेब तर आपण स्वतः करून पाहावा. खडीवरून पाठीवर बोजा घेऊन चालणारा मनुष्य ताशी चार किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जात नाही, म्हणजे दोनशे मीटरचा बोगदा ओलांडायला त्याला तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ताशी तीस किलोमीटर वेगाची, आपल्या भाषेत ‘हळू’ चालणारी गाडी दीड किलोमीटर अंतर कापते. आपण बोगद्यात पाऊल टाकता तेव्हा जी गाडी दोन-तीन वळणांपलीकडे असते, जी दिसणे शक्य नसते आणि बहुधा ऐकूही येत नाही, तीच आपल्याला आत गाठू शकते. बोगद्याच्या भिंतीत माणसांना उभे राहण्यासाठी ठरावीक अंतरावर कोनाडे ठेवलेले असतात. रुळांची पायी तपासणी करत रोज तिथून जाणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याला, म्हणजे कीमनला, ते पाठ असतात, परंतु बारा-पंधरा जणांच्या गटाला अंधारात ऐनवेळी ते सापडतील आणि पुरतील, ही आशा व्यर्थ आहे.

आवाजावर विसंबणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांची फसगत होण्याचे कारण समजण्यासारखे आहे. चढणीला लागलेली मालगाडी पुढे-मागे इंजिने लावून येते, तिची घरघर खूप लांबून ऐकू येते आणि त्यामुळे कानांवर विश्वास बसतो. उतरणीच्या गाडीला मात्र ओढावे लागत नाही, तिला धरून ठेवावे लागते. तिचे इंजिन तुलनेने शांत असते, आणि पावसाळ्यात धबधब्याच्या व पावसाच्या आवाजात ती अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. त्यातच मागून जोर देण्यासाठी जोडलेली इंजिने गाडी वर पोहोचवून एकटीच खाली परततात. त्यांना डबे नसतात आणि प्रवाशांच्या कोणत्याही वेळापत्रकात त्यांची नोंद नसते. मोबाइलवर गाड्यांच्या वेळा पाहून ‘आता दोन तास काही नाही’ असे सांगणाऱ्याला या इंजिनांचा आणि मालगाड्यांचा पत्ताच नसतो. उतरणीला आधीच ब्रेक धरून येणाऱ्या जड गाडीला सपाटीपेक्षा थांबायला जास्त अंतर लागते, हेही लक्षात घ्यावे. लोकोपायलटने, म्हणजे इंजिनचालकाने, आपल्याला पाहिले याचा अर्थ तो थांबू शकेल असा होत नाही.

गाडी येणार नाही या समजुतीची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा स्थलांतरित मजुरांना मालगाडीने चिरडले. टाळेबंदीत प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या मात्र चालूच होत्या. जालन्याहून भुसावळकडे रुळांच्या कडेने निघालेली ती माणसे थकून तिथेच आडवी झाली होती. लोकोपायलटने त्यांना पाहून गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, पण ती थांबली नाही. त्यांच्यापुढे निरुपाय होता, सहलीला जाणाऱ्यांपुढे तो नसतो.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रुळांवर उतरलेल्या पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली होती. उठाबशांची शिक्षा मला व्यक्तिशः पटली नाही, पण त्यांना अडवणे योग्यच होते. धबधबा गाडीच्या खिडकीतून उत्तम दिसतो, आणि पावसाळा संपल्यावर, साधारणपणे ऑक्टोबरपासून, कुळेहून अभयारण्यातून जीपने पायथ्यापर्यंत जाता येते.

आपण एखाद्या ट्रेक-गटाबरोबर जाणार असाल आणि त्यांचा म्होरक्या ‘स्टेशनमास्तर आपल्या ओळखीचे आहेत’ असे सांगत असेल, तर परवानगीचा कागद मागावा. स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनशी बोलून गाडीला लाइन देतो, म्हणजे पुढे जायला मार्ग मोकळा करून देतो. चालणाऱ्या पर्यटकांसाठी ती रोखून धरण्याचा अधिकार त्याला नसतो, मग ओळख कितीही जुनी असो.