वाचकांचे प्रश्न : परदेशी एमडी आणि इथली प्रॅक्टिस

प्रश्न : मुलगा नीट पास आहे, पण सरकारी जागा मिळण्याइतके गुण नाहीत आणि इथल्या खासगी कॉलेजची फी झेपणारी नाही. कन्सल्टन्सीवाल्यांनी एका कॅरिबियन बेटावरचं खासगी मेडिकल स्कूल सुचवलंय. आधी प्रीमेड म्हणजे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, मग बेटावर पाच सेमिस्टर आणि पुढचं क्लिनिकल अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत. कॉलेज ‘डब्ल्यूएचओ आणि एनएमसी मान्यताप्राप्त’ आहे असं सांगतात. मुलाला परत येऊन इथेच प्रॅक्टिस करायची आहे. पैसे भरावेत का?
— एक पालक, लातूर

उत्तर : इथेच प्रॅक्टिस करायची असेल, तर या आराखड्यावर एक रुपयाही भरू नका. परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी एनएमसीचे, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, नियम १८ नोव्हेंबर २०२१ला आले. त्यानुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिक्षण इंग्रजीतून हवं आणि त्याचा कुठलाही भाग दुसऱ्या देशात झालेला चालत नाही. बेट एक देश, अमेरिका दुसरा. तुमचं प्रकरण तिथेच अडतं.

महिन्यांचा हिशेबही करून पाहा. बेटावरचं सेमिस्टर साधारण चार महिन्यांचं, म्हणजे पाच सेमिस्टरचे २० महिने. क्लिनिकल रोटेशन्स, म्हणजे हॉस्पिटलच्या एकेका विभागातलं प्रशिक्षण, ७२ ते ८० आठवड्यांची, म्हणजे आणखी दीड वर्षाच्या आसपास. बेरीज चाळिशीच्या आतच राहते. ५४चा आकडा गाठण्यासाठी एजंट प्रीमेडचे महिने त्यात मिळवतात, पण प्रीमेडमध्ये केमिस्ट्री, फिजिक्स, बायॉलॉजी शिकवतात. ते एमडीचे, म्हणजे तिथल्या एमबीबीएसच्या तोडीच्या पदवीचे, विषय नव्हेत. यात कॉलेजची लबाडीच असते असं नाही. ही रचना मुळात अमेरिकी मुलांसाठी आहे. ती चार वर्षांची पदवी आधीच घेऊन येतात, पुढच्या चार वर्षांत एमडी करतात आणि अमेरिकेतच रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातल्या पुढच्या प्रशिक्षणाची जागा, शोधतात. ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर १९७७पासून असं शिक्षण चालू आहे. तुमच्या मुलाला यूएसएमएलई ही तिथली परवाना परीक्षा देऊन अमेरिकेत राहायचं असतं, तर आमचं उत्तर वेगळं असतं.

‘मान्यताप्राप्त’ या शब्दाला भुलू नका. डब्ल्यूएचओ कुठल्याही मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही. जगभरातल्या मेडिकल कॉलेजांच्या डिरेक्टरीत नाव असणं ही निव्वळ नोंद असते. आणि एनएमसी परदेशी कॉलेजांची मान्य यादी काढतच नाही. कॉलेज नियमात बसतं की नाही हे विद्यार्थ्यानेच तपासायचं असतं.

दुसरं कॉलेज पाहाल तेव्हा माहितीपत्रकात ‘क्लिनिकल ट्रेनिंग ॲट ॲफिलिएटेड हॉस्पिटल्स’ अशी ओळ दिसली की थांबा. त्या ओळीत देशाचं नाव नसतं. डीन ऑफिसच्या लेटरहेडवर सेमिस्टरवार तक्ता मागा: कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या शहरात, कोणत्या हॉस्पिटलात, किती आठवडे. तो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून आलेला हवा, एजंटच्या जीमेलवरून नव्हे. दुसरा कागद त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलचा: इथून पदवी घेणाऱ्याला तिथल्या नागरिकासारखाच प्रॅक्टिसचा परवाना मिळतो का? हीसुद्धा एनएमसीची अट आहे आणि नेमकी हीच विचारायची राहून जाते. दोन्ही कागद हातात येईपर्यंत सीट बुकिंगच्या नावाखाली काहीही देऊ नका.

प्रश्न : मी जॉर्जियात, तिबिलिसीत एका खासगी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. एफएमजीईसाठी आत्तापासून काय करू?
— एक विद्यार्थिनी, मूळ नगर

उत्तर : परदेशातून डॉक्टर होऊन येणाऱ्यांना इथल्या नोंदणीसाठी द्यावी लागणारी ही परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर या सत्रांसाठी होते. १५०-१५० प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास. ३००पैकी १५० मिळाले की पास. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. शंभर गुण ॲनाटॉमी ते फॉरेन्सिक या विषयांना आणि दोनशे क्लिनिकलला. सगळ्यात जास्त फटका कम्युनिटी मेडिसिनमध्ये बसतो. त्याचे ३० गुण आहेत, पण आपलं लसीकरणाचं वेळापत्रक किंवा क्षयरोग कार्यक्रमातली औषधं तिथे कोणी शिकवत नाही. हा विषय भारतीय पुस्तकातूनच करा, आणि याच वर्षी सुरू करा. वॉर्डात पेशंट जॉर्जियन बोलतो; कुठे दुखतं, कधीपासून, ताप आहे का, एवढं त्याच्या भाषेत विचारता आलं नाही तर हिस्ट्री (आजाराची माहिती) घेणं कोपऱ्यात उभं राहून पाहण्यापुरतं उरतं.

कागदांचं म्हणाल, तर सहा वर्षांतले इंटर्नशिपचे १२ महिने ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर, वेगळे दाखवणार का, हे आत्ताच लेखी विचारा. शेवटच्या वर्षी विचारलंत तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. पासपोर्ट नवा काढलात तरी जुना जपून ठेवा, त्यावरचे येण्याजाण्याचे शिक्के हाच तुम्ही तिथे हजर होतात याचा पुरावा. डिग्रीवर अपोस्टील, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारं सरकारी साक्षांकन, तिथेच करून घ्या.

पास झाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी करून इथे पुन्हा १२ महिने इंटर्नशिप करावी लागते. कॉलेजांत परदेशी पदवीधरांसाठी जागा मोजक्या असतात, त्यामुळे काही महिने वाट पाहायची तयारी ठेवा. इंटर्नशिपसाठी कॉलेजला फी घेता येत नाही आणि स्टायपेंड इथल्या मुलांइतकाच द्यायचा असतो. कुणी पैसे मागितले तर एनएमसीचं मार्च २०२२चं परिपत्रक दाखवा.

प्रश्न : नीट न देता परदेशात प्रवेश मिळतो का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : प्रवेश मिळेल, पण भारतात डॉक्टर होता येणार नाही. २०१८पासून परदेशी एमबीबीएससाठी नीट पात्रता सक्तीची आहे: खुल्या गटाला ५०वा पर्सेंटाइल, राखीव गटांना ४०वा. नीटचा निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. तो नसेल तर एफएमजीईला बसताच येत नाही, आणि नंतर नीट देऊन ही चूक भरून काढता येत नाही.