दिनदर्शिकेची अक्षरजुळणी : वाचकांचे प्रश्न

दसरा जवळ आला की मराठवाड्यातल्या डीटीपी केंद्रांवर (संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्या केंद्रांवर) नव्या वर्षाच्या दिनदर्शिकांची कामे येऊ लागतात. पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, सराफी पेढी, शाळा अशा प्रत्येकाला आपल्या नावाची दिनदर्शिका हवी असते आणि तीही दिवाळीच्या आत. २०२७ च्या दिनदर्शिकांची जुळणी करताना आलेल्या अडचणी अनेक वाचकांनी कळवल्या आहेत. त्यांतले निवडक प्रश्न, नावे वगळून आणि थोडक्यात, येथे घेतले आहेत.

प्रश्न : एका पतसंस्थेच्या दिनदर्शिकेची जुनी फाइल आमच्याकडे पेजमेकर ७ या पानजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी या संचातल्या मराठी फॉन्टमध्ये आहे. तो मजकूर इनडिझाइन या पानजुळणीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर काही ठिकाणी रोमन अक्षरांचा काला दिसतो. नव्याने टाइप केलेल्या मजकुरात वेलांट्या चुकीच्या जागी पडतात आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. एक्सेलमधून आणलेल्या सणांच्या यादीत तर नुसती प्रश्नचिन्हे आहेत. फॉन्ट बदलून पाहिले, पण फरक पडत नाही. (उदगीर)

उत्तर : आपण एकाच दुखण्याची तीन लक्षणे म्हणून जे लिहिले आहे, ती तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांपैकी एकही निव्वळ फॉन्ट बदलून बरे होणारे नाही. रोमन अक्षरांचा काला दिसतो तो मजकूर जुन्या सांकेतिक पद्धतीचा आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसला की मागची रोमन अक्षरे उघडी पडतात. असा मजकूर नष्ट झालेला नसतो. परिवर्तक, म्हणजे संकेत बदलून देणारे सॉफ्टवेअर, वापरून तो युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत, आणता येतो, मात्र मूळ फॉन्ट कोणत्या संचातला आहे हे परिवर्तकाला अचूक सांगावे लागते. परिवर्तनानंतर सगळा मजकूर वाचण्याआधी ‘चतुर्दशी’, ‘शुद्ध’, ‘कृत्तिका’, ‘ज्येष्ठ’ आणि ‘दुसऱ्या’ हे पाच शब्द शोधून पाहावेत. रफार, द्ध, ऋकार आणि अर्धा र येथे नीट उतरले असतील, तर बाकीचा मजकूर बहुधा शाबूत असतो.

वेलांटी भलतीकडे आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण) उघडा दिसतो तेथे मजकूर युनिकोडच असतो, पण तो जुळवणारे इंजिन देवनागरीचे नसते. युनिकोडमध्ये ‘ति’ लिहिताना आधी त आणि मग वेलांटी साठवली जाते, आणि वेलांटी डावीकडे नेऊन दाखवण्याचे काम सॉफ्टवेअरने करायचे असते. इनडिझाइनमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर (ओळी जुळवणारे इंजिन) निवडावा लागतो. परिच्छेदाच्या पॅनेलमधून तो निवडता येतो, परंतु तेथे निवडला तर तेवढ्या परिच्छेदापुरताच लागू होतो आणि पुढच्या महिन्याचा मजकूर चिकटवला की पुन्हा तोच प्रकार घडतो. म्हणून पॅराग्राफ स्टाइलच्या (परिच्छेदासाठी एकदा ठरवून ठेवलेल्या मांडणीच्या) जस्टिफिकेशन या भागात जाऊन कंपोझर तेथेच बदलावा. बारा महिन्यांचे काम असले की दुरुस्ती नेहमी स्टाइलमध्ये करावी, पानावर करू नये. पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोखही हाच आहे.

प्रश्नचिन्हांचे प्रकरण मात्र गंभीर आहे. एक्सेलची यादी साध्या सीएसव्ही प्रकारात साठवताना देवनागरी अक्षरे गळून पडली आणि त्यांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हे लिहिली गेली आहेत. त्या फाइलमध्ये आता मराठी उरलेलेच नाही. मूळ एक्सेल फाइल उघडून ती ‘युनिकोड टेक्स्ट’ प्रकारात पुन्हा साठवावी. कोणता दोष कोठे आहे हे ओळखण्याची सोपी खूण अशी, की शंकास्पद ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. तेथे ती नीट मराठीत वाचता आली तर मजकूर ठीक आहे आणि दोष जुळणीच्या सॉफ्टवेअरचा आहे. तेथेही रोमन अक्षरे किंवा प्रश्नचिन्हेच आली तर दोष मजकुरात आहे.

जाता जाता एक सूचना. पेजमेकरच्या फाइली थेट उघडण्याची सोय इनडिझाइनमध्ये सीएस ६ पर्यंतच होती, त्यानंतरच्या क्रिएटिव्ह क्लाउड आवृत्त्यांत ती नाही. पेजमेकर ७ हे २००१ सालचे आहे आणि त्यानंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. ज्या संगणकावर ते अजून चालते, तो बंद पडण्याआधी सगळ्या जुन्या दिनदर्शिकांचा मजकूर युनिकोडमध्ये काढून ठेवावा.

प्रश्न : शाळेसाठी मायक्रोसॉफ्ट पब्लिशरमध्ये दिनदर्शिका करत आहे. तारखा स्पेसबारने सरकवून एकाखाली एक आणल्या होत्या, पण फॉन्ट बदलताच सगळ्या रांगा वाकड्या झाल्या. शिवाय जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पानांवर शेवटची तारीख दिसतच नाही. (नांदेड)

उत्तर : स्पेसबारने आणलेली सरळ रेघ त्या एका फॉन्टपुरती आणि त्या एका आकारापुरतीच सरळ असते. देवनागरी अंकांची रुंदी बहुतेक फॉन्टमध्ये सारखी नसते. १ अरुंद असतो, ५ आणि ९ रुंद असतात. म्हणून ‘११’ च्या खाली ‘१८’ आणि त्याखाली ‘२५’ या तारखा मोकळ्या जागा मोजून कधीच एका ओळीत येणार नाहीत. सात स्तंभांची तक्ता-चौकट घालावी, प्रत्येक घरात एकच तारीख ठेवावी आणि घरातल्या मजकुराला मध्य किंवा उजवी बाजू नेमून द्यावी. आधीच्या मोकळ्या जागा शोधा-आणि-बदला वापरून एकदम काढून टाकाव्यात, कारण एखादी जरी उरली तरी मध्यावर ठेवलेली तारीख तेवढी बाजूला सरकते आणि कारण सापडता सापडत नाही.

तारीख गायब होण्याचे कारण सॉफ्टवेअरमध्ये नसून पंचांगात आहे. २०२७ मध्ये जानेवारी आणि ऑक्टोबर शुक्रवारी सुरू होतात, मे शनिवारी सुरू होतो, आणि तिन्ही महिने ३१ दिवसांचे आहेत. रविवारपासून आठवडा धरला तर अशा महिन्याला सहा ओळी लागतात. आपला तक्ता पाच ओळींचा आहे, त्यामुळे जानेवारी आणि ऑक्टोबरची ३१ तारीख, तसेच मेच्या ३० आणि ३१ या तारखा चौकटीबाहेर जातात. जुन्या छापील दिनदर्शिकांत अशा तारखा पहिल्या आठवड्याच्या रिकाम्या घरांत नेऊन बसवत. काही जण एकाच घरात ‘२४/३१’ असे लिहितात. घरच्या भिंतीवर दोन्ही चालतात, परंतु शाळेत त्या घरांमध्ये परीक्षा, सुट्ट्या आणि पालकसभा लिहायच्या असतात, तेथे अर्धे घर उपयोगाचे नाही. बाराही महिन्यांसाठी सहा ओळींचा एकच तक्ता ठेवावा आणि ओळींची उंची ठरावीक करून टाकावी. फेब्रुवारीत खाली एक ओळ रिकामी राहील, तेथे शाळेची सूचना बसते.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशरला आधार न देण्याचे जाहीर केलेले आहे. यंदाचे काम त्यात पूर्ण करायला हरकत नाही, पण अंतिम फाइलबरोबर पीडीएफ आणि सणांची यादी वेगळ्या युनिकोड फाइलमध्ये जपून ठेवावी.

प्रश्न : तारीख मोठी आणि खाली तिथी व सण लहान अक्षरांत, अशी रचना आहे. काही घरांत तारीख व तिथी यांच्यामध्ये उगाच मोठी फट पडते, तर काही घरांत वेलांटी आणि रफार वरच्या ओळीला चिकटतात. (परभणी)

उत्तर : इनडिझाइनमध्ये ओळींतले अंतर हा अक्षराचा गुणधर्म धरला जातो आणि एका ओळीतल्या सर्वांत मोठ्या अक्षराचे अंतर त्या संपूर्ण ओळीला लागते. तारीख ४० पॉइंटची (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप) असेल आणि तिच्यानंतरच्या तिथीच्या ओळीत चुकून ४० पॉइंटची एक मोकळी जागा राहिली, तर ती डोळ्यांना दिसत नाही, पण ओळीला खाली ढकलते. टाइप मेनूतून अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय चालू केली की हा निळा ठिपका लगेच सापडतो. तो खोडण्याऐवजी संपूर्ण परिच्छेदाला तिथीची स्टाइल पुन्हा लावावी. स्टाइलच्या नावापुढे अधिकचे चिन्ह दिसत असेल तर तेथे कोणीतरी हाताने बदल केलेला आहे असे समजावे. ऑल्ट दाबून त्या नावावर क्लिक केले की तो बदल निघून जातो.

चिकटणाऱ्या मात्रांचे कारण म्हणजे आपोआप ठरणारे अंतर. ते मुळात अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के असते. रोमन लिपीला ते पुरते, पण देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असे दोन्हीकडे सामान असते. ७ पॉइंटच्या तिथीला ८.४ पॉइंटचे अंतर अपुरे पडते. ते ठरावीक आकडा देऊन १० पॉइंटच्या आसपास न्यावे. जागा कमी पडली तर तारीख ४० ऐवजी ३६ करावी, मात्रा कापून जागा वाचवू नये.

प्रश्न : १७ सप्टेंबरच्या घरात ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ आणि १४ जानेवारीच्या घरात नामविस्तार दिनाचे पूर्ण नाव बसत नाही. तेवढ्या घरांत अक्षरे दाबून बसवली तर फार वाईट दिसतात. मथळ्यातली महिन्यांची नावे मात्र पसरट केली तर तुटतात. (जालना)

उत्तर : वाईट दिसतात हे आपल्या लक्षात आले यातच निम्मे काम झाले. शेजारच्या घरात ‘एकादशी’ मोकळी आणि येथे तेच अक्षर चेपलेले, हा फरक भिंतीपासून चार हातांवरूनही कळतो. अक्षरांची रुंदी दाबण्याऐवजी ओळ कोठे तोडायची हे आपण ठरवावे : पहिल्या ओळीत ‘मराठवाडा’ आणि दुसऱ्या ओळीत ‘मुक्तिसंग्राम दिन’. ही तोड एंटरने करू नये, शिफ्ट-एंटरने करावी. एंटरने नवा परिच्छेद सुरू होतो आणि परिच्छेदानंतरची जागाही मध्ये शिरते. मजकूर दोन्ही कडांना समान ताणलेला असेल तर शिफ्ट-एंटरने तोडलेली ओळ फाकते, म्हणून घरांतला मजकूर डावीकडून किंवा मध्यावरच ठेवावा. शब्द तोडून संयोगचिन्ह देण्याची आपोआप सोय सणांच्या स्टाइलमध्ये बंद असावी.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ नामविस्तार दिन’ हे मात्र दोन ओळींत बसणार नाही आणि ते ओढूनताणून बसवूही नये. घरात ‘विद्यापीठ नामविस्तार दिन’ एवढेच ठेवून पूर्ण नाव पानाच्या तळाशी असलेल्या दिनविशेषांत द्यावे. पब्लिशरमध्ये सुट्या मजकूर-चौकटी वापरल्या असतील तर मजकूर मावेना झाला की अक्षर आपोआप लहान करण्याची सोय बंद करावी. तिच्यामुळे प्रत्येक घरातले अक्षर वेगळ्या आकाराचे होते आणि दोष कोणाचा हे कळत नाही. इनडिझाइनच्या तक्त्यात घरात न मावलेला मजकूर लाल ठिपक्याने कळतो. छपाईला देण्याआधी बाराही पाने त्या ठिपक्यासाठी एकदा पाहावीत.

महिन्यांची नावे तुटतात कारण अक्षरांमध्ये जास्तीचे अंतर दिले की देवनागरीची शिरोरेघ तुटते. ‘ऑगस्ट’ आणि ‘सप्टेंबर’ समान रुंदीचे दिसावेत म्हणून हा उद्योग पुष्कळ जण करतात. मथळा रुंद हवा असेल तर मुळातच रुंद फॉन्ट घ्यावा.

प्रश्न : ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. ग्राहक आक्षेप घेतात. (धाराशिव)

उत्तर : आक्षेप रास्त आहे. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमून दिली की मराठी वळण येते. भाषा स्टाइलमध्येच नेमावी. फॉन्टमध्येच मराठी वळण नसेल तर भाषा बदलून काही होत नाही. तशा वेळी ‘तिरो देवनागरी मराठी’ यासारखा खास मराठीसाठी केलेला फॉन्ट घ्यावा.

प्रश्न : आमच्याकडे सगळे नीट दिसते, पण ऑफसेटवाल्याकडे फाइल उघडली की फॉन्ट बदलतो. छापून आलेल्या लहान अक्षरांना रंगीत कडाही दिसतात. (बीड)

उत्तर : मूळ फाइल पाठवूच नये. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ पाठवावी आणि इनडिझाइनमधून निर्यात करताना छपाईसाठीचा पीडीएफ-एक्स प्रकार निवडावा. मुद्रक कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रे करून, मागत असेल तर ते काम फाइलच्या प्रतीवर करावे, कारण कर्व्ह झालेल्या मजकुरात पुढे एक अनुस्वारही दुरुस्त करता येत नाही, आणि दिनदर्शिकेत शेवटच्या क्षणी एखादी तिथी बदलतेच.

रंगीत कडांचे कारण असे की आपले काळे अक्षर चारही शाईंचे मिळून झालेले आहे. वर्डमधून आणलेल्या काळ्या मजकुराचे पीडीएफमध्ये बहुधा हेच होते. चार शाईंच्या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी ७ पॉइंटच्या तिथीभोवती निळी किंवा गुलाबी झाक येते. तिथी आणि सण १०० टक्के काळ्या शाईतच, बाकीच्या तिन्ही शाई शून्य ठेवून, जुळवावेत. रविवारचा लाल रंग १०० टक्के मॅजेंटा (गुलाबी शाई) आणि १०० टक्के पिवळा यांचा असतो, म्हणजे तेथेही दोन प्लेटा आल्याच. म्हणून लाल रंग मोठ्या तारखेलाच द्यावा आणि रविवारची तिथीही काळीच ठेवावी. ग्राहक पुष्कळदा सणही लाल मागतात. त्यांना एक छापील नमुना दाखवला की पटते.

प्रश्न : परवान्याचा खर्च परवडत नाही. मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी दिनदर्शिका होईल का? (हिंगोली)

उत्तर : होईल. स्क्रायबस या पानजुळणीच्या मोफत सॉफ्टवेअरच्या १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात. १.४ मध्ये ती तुटत असत, त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदलावी. त्यातल्या स्क्रिप्टांमध्ये दिनदर्शिका आखून देणारी एक तयार स्क्रिप्ट आहे. ती वर्ष आणि आठवड्याचा पहिला वार विचारून महिन्यांची पाने मांडून देते. तिने केलेल्या स्टाइलींमध्ये युनिकोड मराठी फॉन्ट आणि मराठी भाषा घालावी, आणि मगच सणांचा मजकूर भरायला घ्यावा.