पार्किन्सन्सचं निदान नुकतंच झालंय. आता पुढे कसं जगायचं?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला आणि तेव्हापासून रात्र रात्र इंटरनेट चाळत बसता. गोळ्या आत्ताच सुरू करू की पुढच्यासाठी राखून ठेवू, आणि बारा वर्षांच्या मुलीला काय सांगू, हे तुमचे प्रश्न. मला निदान होऊन चार वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. त्या नात्याने लिहिते.

रात्रीचं चाळणं आधी बंद करा. तिथे वीस-वीस वर्षं आजार काढलेल्या माणसांचे व्हिडिओ दिसतात आणि आपण त्यांच्यात आपला पुढचा महिना शोधत बसतो. या आजाराचा वेग माणसागणिक वेगळा असतो. तुमचा कसा जाईल, हे तुमचे न्यूरॉलॉजिस्टही आज सांगू शकणार नाहीत.

माझी सुरुवात घड्याळापासून झाली. हाताच्या हालचालीवर चालणारं, चावी न लागणारं घड्याळ, डाव्या मनगटावर. ते सारखं बंद पडायला लागलं. दुरुस्तीवाल्याने दोनदा उघडून पाहिलं आणि म्हणाला, ताई, घड्याळ ठणठणीत आहे. बिघाड हातात होता. चालताना डावा हात हलायचाच थांबला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्याच सुमारास नवरा दर वाक्याला "काय?" विचारायचा, म्हणून मी त्याचे कान तपासून आणले. कानही ठणठणीत. (हे तो अजून चारचौघांत सांगतो.)

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला तो 'थरथरता पक्षाघात' अशा अर्थाच्या नावाने, तेव्हापासून कंपाचाच बोलबाला. काहींना कंप नसतोही. मला विचाराल तर खरी खोट मापात येते. मेंदूत खोलवर डोपामीन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचाल आखडते: पाऊल लहान, अक्षर लहान, आवाज लहान. पण आतून आपल्याला सगळं पूर्वीइतकंच वाटतं. आवाजाच्या थेरपिस्टने मला ओरडल्यासारखं वाटेल इतक्या मोठ्याने बोलायला लावलं आणि रेकॉर्डिंग ऐकवलं. चार माणसं बोलतात तसा साधा आवाज होता. तेव्हापासून मी स्वतःच्या अंदाजावर विसंबत नाही. पाऊल उगाच मोठं वाटेल एवढं टाकते, सही उगाच मोठी करते.

आता गोळ्या. लेव्होडोपा १९६० च्या दशकाच्या शेवटापासून वापरात आहे आणि आजही तिच्याइतकी गुणकारी गोळी दुसरी नाही. पुढे अंमल लवकर उतरायला लागतो, नको त्या हालचाली सुरू होतात, हे खरं आहे. पण त्याला मुख्यतः वाढता आजार कारण असतो. आज गोळी टाळून ती पुढे जास्त दिवस पुरत नाही, मधले चांगले दिवस मात्र वाया जातात. कुठली, कधी, किती, हे डॉक्टर ठरवतील. सुरू झाल्यावर मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं. प्रथिनं भरपूर असलेल्या जेवणासोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून मी जेवणाआधी अर्धा तास घेते. एका वहीत गोळीची वेळ आणि हात कधी सुटा झाला, कधी पुन्हा अडकला, एवढंच लिहिते. डॉक्टरांना माझ्या लांबलचक कहाणीपेक्षा ती वही जास्त उपयोगी पडते. डोपामीनची नक्कल करणारा दुसरा गोळ्यांचा गट आहे. त्याने काही जणांना खरेदीचा किंवा जुगाराचा नाद लागतो. तो चालू केला तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण स्वतःला ते खटकत नाही. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आपल्याला चालत नाही, हेही त्यांना माहीत असू द्या.

व्यायामाबद्दल एवढंच: दम लागेल असा, आणि आवडेल तो. नावडता टिकत नाही. ऑफिसचं तुमचं तुम्ही ठरवा, मी वर्षभर सांगितलं नव्हतं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मुलीला मात्र थांबू नका. मी मुलाला सहा महिने काही कळू दिलं नाही, त्याच्या परीक्षा होत्या. शेवटी सांगायला बसले तर तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे तू माझ्यावर रागावलेली नव्हतीस?" चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, हे मला डॉक्टरांकडून माहीत होतं. पण त्याच्याशी बोलताना मी हसतच असते, अशी माझी समजूत होती. सहा महिने त्याला फक्त दगडासारखा चेहरा दिसत होता आणि आपलं काय चुकलं, हे तो शोधत होता. आता मध्येच विचारतो, "आई, आत्ता हसतेयस का?" मी हो म्हणते.