चालू रुग्णालयाला नवी इमारत जोडताना: आधी सांधा ठरवा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर ८० खाटांचं चालू रुग्णालय, शेजारच्या प्लॉटवर आणखी ६० खाटा, दोन ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि आयसीयू. सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. जुनी आणि नवी इमारत जिथे जोडली जाणार, त्या सांध्यापासून करा. खोल्यांची यादी नंतर.

जुन्या इमारतीच्या प्रत्येक मजल्याची लेव्हल जागेवर मोजून घ्या, मंजूर नकाशावर विसंबू नका. समजा जुने मजले ३.३ मीटरचे आहेत आणि ओटीसाठी कन्सल्टंट ४.२ मागतोय. त्याची मागणी रास्त आहे. ओटीत ३ मीटर मोकळी उंची लागते आणि तिच्यावर हवेचा डक्ट, बीम. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषाने २० × २० × १० फुटांच्या ओटीत तासाला २० वेळा हवा बदलायची, म्हणजे ताशी ८०,००० घनफूट. तेवढ्या हवेला डक्टही मोठा लागतो. पण सगळेच मजले ४.२ चे केले, तर दुसऱ्या मजल्यावर १.८ मीटरचा फरक पडतो. १:१२ उताराने रॅम्प २१.६ मीटर, लँडिंग वेगळं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट रोज त्यावरून ने-आण करणं धोक्याचं आहे.

म्हणून जोडणारे मजले ३.३ वरच ठेवा आणि ओटी सर्वांत वर घ्या. तिथे स्लॅब हवा तितका उंच नेता येतो, एएचयू, म्हणजे हवा गाळून थंड करून पाठवणारं यंत्र, थेट गच्चीवर बसतं. फक्त वॉटरप्रूफिंगमध्ये काटकसर नको. आयसीयू त्याच मजल्यावर किंवा लगेच खाली.

लेव्हल जुळल्या की आग लागल्यास आयसीयूचे पेशंट जिना न उतरता फायर डोअरपलीकडे, जुन्या इमारतीत हलवता येतात. पुणे भूकंपाच्या झोन ३ मध्ये आहे, त्यामुळे दोन इमारतींत अंतर सोडावंच लागतं. लेव्हल चुकलेल्या असतील तर भूकंपात नव्या स्लॅबची कड जुन्या कॉलमच्या मध्यावर आदळू शकते. सांध्यातून जाणाऱ्या प्रत्येक पाइपला लवचीक जोड द्या.

खाटा वाढवताना पाण्याचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. १०० खाटांपर्यंत खाटेमागे रोज ३४० लिटर धरतात, त्यापुढे ४५०. म्हणजे आजचे २७,२०० लिटर १४० खाटांना ६३,००० होतात. खाटा पावणेदोन पट, पाणी सव्वादोन पटींहून जास्त. टाकी, पंप आणि एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) याच आकड्यावर ठरवा.

खोदकामात काळा कातळ लागणारच. तो फोडणाऱ्या ब्रेकरच्या हादऱ्यांनी चालू ओटीतला मायक्रोस्कोप हलतो, तेव्हा ब्रेकरच्या वेळा ओटीच्या यादीबरोबर ठरवा. जुनी भिंत फोडण्याआधी आतून छतापर्यंत पक्कं पार्टिशन घाला आणि कामाच्या बाजूची हवा फिल्टरमधून बाहेर खेचत राहा. हिरवं जाळीचं कापड पुरत नाही: धुळीतून ॲस्परजिलस बुरशीचे कण येतात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटच्या फुप्फुसात ती बुरशी जिवावर बेतते. ही फोडाफोडी पावसाळ्यात ठेवू नका, ओल आली की बुरशी वाढते.

ऑक्सिजनची जोडणी सर्वांत शेवटी. मुख्य लाइन बंद ठेवायच्या काळात प्रत्येक व्हेंटिलेटरजवळ भरलेला सिलिंडर आणि एक माणूस हवा. जोडणीनंतर नव्या बाजूचाच नव्हे, जुन्या बाजूचाही प्रत्येक आउटलेट उघडून कोणता वायू येतोय ते ॲनलायझरने तपासा. ऑक्सिजन आणि नायट्रस (भुलीसाठीचा वायू) यांच्या लाइनची अदलाबदल नुसत्या प्रेशर टेस्टमध्ये कळत नाही.