ग्रासहॉपरमध्ये डेटा डॅम: सध्या एवढंच पुरे

ग्रासहॉपरमध्ये (ऱ्हायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे जोडून मॉडेल घडवायचं साधन) स्लायडर, म्हणजे आकडा बदलायची पट्टी, जरा सरकवला की अख्खं ऱ्हायनो गोठतं ना? सगळेच यातून गेलोय. पॅराम्स टॅबमधला डेटा डॅम घ्या आणि सॉलिड युनियनसारख्या (घनाकृती एकत्र जोडणाऱ्या) जड कंपोनंटच्या, म्हणजे ठोकळ्याच्या, अगदी आधी बसवा. मग स्लायडर हवा तसा खेळवा. डॅमवरचं बटण दाबेपर्यंत पुढे जुनाच डेटा राहतो.

नवखे इथे घसरतात:

- बटण दाबायचं विसरून जुनीच भूमिती बेक करतात, म्हणजे ऱ्हायनोत पक्की उतरवतात. मी तर तशीच छापायला दिली होती, १२ खिडक्यांऐवजी ९!
- एका स्लायडरच्या दोन फांद्या, डॅम मात्र एकीवरच. मग याद्या जुळत नाहीत. फांदी फुटण्याआधीच लावा.

ठरावीक वेळाने डेटा आपोआप सोडायची सोयही आहे, पण तिला इतक्यात हात लावू नका.